बाहेरगावच्या माणसासाठी बांधलेली वास्तू : आयुकाचा इतिहास

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण गावी इसवी सन १२०७ चा एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने तिथे एक मठ स्थापन केला. आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत, ही त्यामागची इच्छा होती. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने या मठाला दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून मठाचे उत्पन्न कशाकशातून यायचे, याची नोंद त्यात आहे. गणित आणि ज्योतिष शिकवायचे म्हणजे शिकायला येणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची तजवीज आधी करावी लागते, हे चांगदेवाला पुरते ठाऊक होते.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडवीड असल्याचे लिहून ठेवले आहे. ते गाव म्हणजे आपले बीड, असे एक मत आहे. अधिक अभ्यासक पाटणच्या परिसराकडे बोट दाखवतात. बीडकराने या वादात फार गुंतू नये. आपल्या कामाचा आहे तो त्या मठामागचा विचार. जवळजवळ आठशे वर्षांनी तोच विचार पुण्यात विद्यापीठाच्या आवारात पुन्हा उभा राहिला, आणि या खेपेला तो काळ्या दगडात आणि काँक्रीटमध्ये उतरवणारा वास्तुविशारद भेटला.

ती संस्था म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, सगळ्यांच्या तोंडी ‘आयुका’. बीड जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या स्मरणिकेत पुण्याच्या संस्थेला पाने का द्यायची, असा प्रश्न संपादकांच्या बैठकीत निघाला होता. त्याला एकच उत्तर आहे. ही इमारत आखताना जे लोक डोळ्यांसमोर होते, त्यांत आपण होतो. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान किंवा गणित शिकवणारा, मनात संशोधनाची ओढ असलेला, पण जवळ ग्रंथालय, संगणक, दुर्बीण किंवा चर्चेला चार माणसे नसलेला प्राध्यापक म्हणजे आयुकाचा खरा मानकरी.

१९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आयोगाला स्वतःची आंतरविद्यापीठीय केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. एकेका विद्यापीठाला न परवडणारे यंत्र वा ग्रंथालय एका ठिकाणी उभारावे, आणि देशभरच्या विद्यापीठांनी ते आपले समजून वापरावे, असा त्यामागचा हिशेब होता. पहिले केंद्र दिल्लीत निघाले, अणुविज्ञानाचे. १९८६ मध्ये प्रा. यशपाल आयोगाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी खगोलशास्त्राचा विषय हाती घेतला. त्यासाठी त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. जयंत नारळीकरांना गाठले. त्या काळी खगोलशास्त्राचे संशोधन मुख्यतः मोजक्या संशोधन संस्थांत चालत असे. विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांत ते जवळपास नव्हतेच. ही तूट भरून काढायचे काम नारळीकरांनी पत्करले. नरेश दधीच आणि अजित केंभावी हे दोघे आरंभापासून त्यांच्याबरोबर होते. पुढे दोघेही संस्थेचे संचालक झाले.

जागा पुण्याची ठरली, याला कारण होते. प्रा. गोविंद स्वरूप त्याच सुमाराला नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारत होते, आणि तिचे मुख्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात येणार होते. शेजारी शेजारी दोन संस्था झाल्या तर निरीक्षण करणारे आणि सिद्धान्त मांडणारे एका आवारात येणार होते. विद्यापीठाने सुमारे २० एकर जागा दिली. २९ डिसेंबर १९८८ रोजी पायाभरणी झाली, आणि ती तारीख संस्थेचा स्थापना दिवस ठरली.

नारळीकरांच्या मनात या संस्थेचे एक चित्र होते, आणि ते केंब्रिजचे होते. १९६६ साली फ्रेड हॉइल यांनी तिथे सैद्धान्तिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तेव्हा सुरुवातीच्या मंडळींत नारळीकर होते. बैठी, पसरट इमारत, उन्हाळ्यात जगभरचे पाहुणे, दारे उघडी आणि चहा-कॉफीच्या वेळी सगळे एकत्र, अशी तिची रीत होती. कायम नोकरीतली माणसे थोडी आणि येणारी-जाणारी माणसे पुष्कळ, हे सूत्र तिथून आले. पुण्यात त्यांनी त्यात एक मोठा बदल केला. केंब्रिजला येणारे पाहुणे नामवंत असत. आयुकाचे पाहुणे मुख्यतः देशभरच्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक असणार होते.

वास्तुविशारद म्हणून चार्ल्स कोरिया आले. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, नवी मुंबईच्या आखणीतला वाटा, एवढे त्यांच्या नावावर होते. इमारत म्हणजे छप्पर घातलेल्या खोल्या, या समजुतीशी त्यांचे आयुष्यभर भांडण होते. आपल्या हवेत वर्षाचे बरेच महिने माणूस अंगणात, ओसरीवर, झाडाखाली अधिक सुखाने बसतो, तेव्हा उघड्या आकाशाखालची जागासुद्धा आराखड्यातली खोलीच समजावी, असे ते मानत. खगोलशास्त्राच्या संस्थेला याहून योग्य माणूस कुठला मिळणार? त्याच सुमाराला ते जयपूरचे जवाहर कला केंद्र बांधत होते. त्याचा आराखडा नवग्रहांवरून घेतलेल्या नऊ चौरसांचा आहे. म्हणजे एका ठिकाणी परंपरेतले विश्व आणि दुसऱ्या ठिकाणी विसाव्या शतकाच्या विज्ञानातले विश्व, अशा दोन कल्पना हा माणूस एकाच वेळी कागदावर मांडत होता. मला आयुका अधिक अवघड वाटते. नवग्रहांना रंग आहेत, मूर्ती आहेत, लोकांच्या मनात जागा आहे. प्रसरण पावणाऱ्या विश्वाला यातले काही नाही. ते दगडात कसे दाखवायचे?

कोरियांनी ते काळ्या रंगाने दाखवले. आयुकाच्या भिंती खाली स्थानिक काळ्या बेसॉल्टच्या आहेत, त्यावर अधिक काळा कडप्पा, आणि माथ्याला झिलईचा काळा ग्रॅनाइट. खडबडीत दगडापासून नजर वर सरकत जाते तसा काळेपणा गडद होत जातो, आणि अगदी वर, जिथे तो सर्वांत गडद असायला हवा, तिथे गुळगुळीत ग्रॅनाइटमध्ये आकाश आणि ढग दिसू लागतात. भिंत संपते कुठे आणि आकाश सुरू होते कुठे, ते काही क्षण कळत नाही. यात महागडे काही नाही. सगळे दगड आपल्याकडच्या बांधकामात नेहमी वापरले जाणारे. कडप्पा तर घरोघरी ओट्याला असतो.

मधल्या चौकाला कोरियांनी कुंडाचे रूप दिले. सभोवतालच्या जमिनीपेक्षा खोल, पायऱ्यांनी उतरत जाणारी मोकळी जागा, आणि भोवती इमारती. दगड आणि हिरवळ यांच्या तिरक्या पट्ट्या मध्यापासून बाहेर फेकल्यासारख्या निघतात. सगळे काही एका बिंदूपासून दूर जात आहे, असा भास होतो. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळे परके वाटत नाही. बीडचे कंकालेश्वराचे देऊळ पाण्याने भरलेल्या कुंडाच्या मधोमध काळ्या दगडात उभे आहे. अंबाजोगाईच्या हत्तीखान्याची लेणी याच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. मराठवाड्यातल्या कितीतरी बारवांना अशाच उतरत्या पायऱ्या आहेत. पाण्यासाठी खाली उतरायची आपली जुनी सवय कोरियांनी गप्पांसाठी वापरली. माणूस पायरीवर बसला की शेजारी दुसरा येऊन बसतोच, मग तो प्राध्यापक असो की पीएच.डी.चा विद्यार्थी. पायऱ्यांवर कुणासाठी राखीव खुर्ची नसते, आणि बाहेरगावहून प्रथम येणाऱ्या, जरा बुजलेल्या शिक्षकाला याचा किती आधार वाटतो, ते तिथे जाऊन आलेलाच सांगू शकेल.

मुख्य इमारतीत फूकोचा लंबक आहे. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथपणे झुलतो, आणि त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. खरे तर खालची जमीन फिरत असते. लिऑ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये हा प्रयोग लोकांसमोर केला, तेव्हा पृथ्वीचे फिरणे सामान्य माणसाने पहिल्यांदा बंद खोलीत, आकाशाकडे न बघता पाहिले. ध्रुवावर अशा लंबकाची दिशा साधारण एका दिवसात पूर्ण फेरी मारते आणि विषुववृत्तावर मुळीच वळत नाही. मधल्या ठिकाणी किती वेळ लागेल ते अक्षांशाच्या साइनवर ठरते. आयुकाचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश आहे, त्यामुळे तिथे एका फेरीला सुमारे ७५ तास लागतात. बीड जवळजवळ १९ अंशांवर आहे. इथे लंबक टांगला तर सुमारे साडेत्र्याहत्तर तासांत फेरी पूर्ण होईल. दोन गावांतला हा दीड-पावणेदोन तासांचा फरक बारावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे. त्यासाठी लागते एक उंच छत, एक तार आणि एक वजनदार गोळा. आमच्यातल्या काही शाळांनी ते जरूर करून बघावे.

आतले लहान चौकही असेच बोलके आहेत. एकात फरशीवर सिएरपिन्स्कीचा त्रिकोण आहे. एका त्रिकोणातून मधला त्रिकोण काढायचा, उरलेल्या तिन्हींतून पुन्हा मधले काढायचे, आणि असेच करत राहायचे. पोलंडचा गणिती सिएरपिन्स्की याने १९१५ मध्ये मांडलेल्या या आकृतीचे क्षेत्रफळ शेवटी शून्याकडे जाते, पण आकृती मात्र उरते. दुसऱ्या चौकात एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांची आकृती जमिनीवर उमटवली आहे. प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या हुकमतीचे एक क्षेत्र असते, त्याला रॉश लोब म्हणतात. दोन्ही क्षेत्रे जिथे टेकतात, त्या बिंदूतून फुगलेल्या ताऱ्याचे द्रव्य शेजाऱ्याकडे वाहू लागते. हे शिकवताना वर्गात आम्ही इंग्रजी आठच्या आकड्यासारखे काहीतरी फळ्यावर काढतो. तिथे त्या आकड्यातून चालत जाता येते.

विज्ञानाच्या इमारतीला अशी सजावट कशाला, असे विचारणारे सहकारी मला भेटले आहेत. त्यांना मी आपल्याकडची विज्ञानाची इमारत आठवून पाहायला सांगतो. मधोमध लांब अंधारी बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप, प्राध्यापकांच्या खोलीत भिंतीला टेकवलेली कपाटे. तास संपला की मुलांनी उभे राहायचे कुठे, हा प्रश्न आराखडा काढणाऱ्याला पडलेलाच नसतो. शिकवणे वर्गात होते. विज्ञानाची गोडी लागते ती वर्गाबाहेर, कुणाशी तरी वाद घालताना. त्या वादाला जागा देणे हे वास्तुविशारदाचे काम आहे आणि कोरियांनी ते मनापासून केले.

आता सोयींविषयी, कारण पाटणच्या मठाची खरी आठवण इथे येते. इमारतींची नावे देवयानी, भास्कर, आकाशगंगा, तक्षशिला, नालंदा अशी आहेत. व्याख्यानांच्या दालनांना भास्कराचार्यांचे नाव आहे. आवारात संचालकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांची घरे आणि वसतिगृहे आहेत, आणि त्यांच्या जोडीला पाहुण्यांच्या खोल्या. बाहेरून येणाऱ्या शिक्षकांसाठी आयुकाची सहयोगी योजना आहे. विद्यापीठातल्या वा महाविद्यालयातल्या शिक्षकाची तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून निवड होते. या काळात तो सुट्टीत किंवा रजेवर तिथे येऊन राहू शकतो. प्रवासाचा आणि तिथल्या मुक्कामाचा भार संस्था उचलते. ग्रंथालय, संगणक, निरीक्षणांची आकडेवारी हे सगळे त्याला तिथल्या कायम प्राध्यापकासारखेच खुले असते.

१९९० च्या दशकाच्या आरंभी याचा अर्थ काय होता, हे आजच्या तरुण सहकाऱ्यांना सांगावे लागते. आपल्या महाविद्यालयांत तेव्हा संशोधन पत्रिका येत नव्हत्या. संगणक असलाच तर कार्यालयात, आणि ई-मेल हा शब्द ऐकीव. एखादा शोधनिबंध हवा असेल तर लेखकाला पत्र लिहून प्रत मागवायची आणि महिनोन्महिने वाट पाहायची. बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. त्याआधी पुण्याला जायचे म्हणजे नगरमार्गे एसटीचा प्रवास. अशा प्रवासानंतर अंघोळ, जेवण आणि बिछान्याची काळजी नसणे, सकाळी उठून चालत ग्रंथालयात जाता येणे, रात्री उशिरापर्यंत काम करून अंगण ओलांडले की खोली गाठता येणे, याची किंमत ज्याला ते कधी मिळाले नाही त्यालाच कळते. मी तर म्हणेन, आयुकाचे सर्वांत महत्त्वाचे वैज्ञानिक उपकरण म्हणजे तिथले अतिथिगृह.

त्याखेरीज प्रत्यक्ष उपकरणेही होतीच. सिद्धान्ताच्या या संस्थेने सुरुवातीपासून स्वतःची उपकरणशाळा ठेवली. पुढे पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर, २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. तिच्यावर वर्णपट घेणारा कॅमेरा बसवला आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागता येतो. २०२३ मध्ये सूर्याकडे निघालेल्या ‘आदित्य एल-१’ यानावरची अतिनील दुर्बीणही याच आवारातल्या मंडळींनी घडवली.

२८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल मानकरी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते आयुका राष्ट्राला अर्पण झाली. पायाभरणीपासून अवघ्या चार वर्षांत, सरकारी पैशातून, इतक्या वेगळ्या धाटणीची वास्तू पूर्ण व्हावी, ही आपल्याकडे नवलाचीच गोष्ट. तिथल्या मोठ्या सभागृहाला आज चंद्रशेखरांचे नाव आहे. आवारात न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचा वंशही लावला होता. विलायती हवेतले ते झाड पुण्याच्या उन्हाळ्यात फार वर्षे तगले नाही.

नारळीकरांना दारे फक्त प्राध्यापकांसाठी उघडायची नव्हती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. ते शब्द पाळत. महाराष्ट्रातल्या किती घरांत अशी कार्डे जपून ठेवलेली असतील! पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला हा तारा आणि त्यात दडलेले पु. ल., दोन्ही एकाच पाटीवर आले. अरविंद गुप्तांनी तिथे जवळजवळ दशकभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि जुन्या झरण्या वापरून केलेली त्यांची साधने जिल्हा परिषदेच्या शाळेतही करता येतात, कारण त्यांना प्रयोगशाळा लागतच नाही. कोट्यवधींच्या संगणकांशेजारी काडेपेटीचे खेळणे मानाने ठेवणारी दुसरी संस्था मी पाहिलेली नाही.

नारळीकर २००३ पर्यंत संचालक होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी जन्माला घातलेली संस्था आता मराठवाड्याच्या दाराशी आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या उभारणीत सहभागी असलेल्या संस्थांत आयुका आहे, आणि औंढ्याची निवड करण्यात तिचा मोठा वाटा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील, आणि दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठलेली थरथर त्यांतला लेसर टिपेल. भोवतालची जमीन शांत हवी म्हणून मराठवाड्यातली ही जागा पसंत पडली. दूर आडबाजूला असण्याचा आपल्याला कधी नव्हे तो उपयोग झाला.

या वेधशाळेच्या मुख्य दालनांत बाहेरच्या माणसाला सहज जाता येणार नाही, कारण पावलांची धडधडसुद्धा यंत्राला चालत नाही. म्हणूनच या स्मरणिकेतून संबंधितांना एक विनंती करावीशी वाटते. औंढ्याच्या आवाराचा आराखडा होईल तेव्हा त्यात पाहुण्या शिक्षकांच्या खोल्या, एक ग्रंथालय आणि बसायला पायऱ्या असलेला एक चौक असावा, आणि बीड, परभणी, नांदेड, लातूरच्या महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांसाठी त्यातल्या काही खोल्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवाव्यात. भाड्याचा दर ठरवण्याचे काम आमच्याकडे दिले तर आम्ही ते आनंदाने करू.